मा. उशीरराव यांस अनावृत पत्र

मा. श्री. उशीरराव,
मु. पो. सर्वत्र

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला जाहीर सत्कार करायचा राहून गेला आहे. तोही उशिराच होतो आहे, पण त्याबद्दल आपली तक्रार नसावी.

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे आम्हा घरच्यांच्या भाषेत एमएस. या आजाराने माणूस पुढे किती अधू होतो, याचा दोष आजवर कोणाकोणाला दिला गेला! पत्रिकेतल्या शनीला दिला, आजोळच्या रक्ताला दिला, मुलीने ऐन थंडीत केस धुतले म्हणून तिलाही दिला. अलीकडे एका विषाणूलाही मान मिळाला. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो, असं त्यात निघालं. त्या विषाणूची रंगीत चित्रं छापून आली. आपलं नाव कुठे म्हणून नाही. वास्तविक तो विषाणू जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या अंगात मुकाट पडून असतो. आजार कोणाला व्हावा, यात त्याचा हात आहे, हे मान्य. पण आजार झालेल्या माणसाच्या हाती पंधरा-वीस वर्षांनी काठी येते, चाकाची खुर्ची येते की काहीच येत नाही, या निकालावर बरेचदा आपली सही असते. ती मात्र एकाही रिपोर्टवर दिसत नाही.

आपल्याला ठाऊक आहे तेच वाचकांसाठी सांगते. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांच्या नसांमधल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण ओरबाडते. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, पुरुषांच्या दुपटी-तिपटीने बायकांना. बहुतेकदा सुरुवात झटक्यांनी होते. काही आठवडे एखादा अवयव संपावर जातो आणि मग पुन्हा कामावर रुजू होतो. किती अधूपण आलं हे मोजायला जॉन कुर्ट्झके नावाच्या अमेरिकी न्यूरोलॉजिस्टांनी १९८३ साली एक शिडी पक्की केली. शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. चारवर माणूस आधाराशिवाय अर्धा किलोमीटर चालतो, सहावर शंभर मीटरला काठी लागते, सातवर खुर्ची, दहा म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्यांवर ही शिडी जवळजवळ फक्त पाय बघते. दुपारी तीन वाजता अंगातून सगळं बळ निथळून जातं, किंवा गॅसवर दूध ठेवलंय हे लक्षात राहत नाही, याला तिच्यावर फारशी जागा नाही. मी सध्या सहावर राहते.

आपली पहिली भेट माझ्या डाव्या डोळ्याने घडवली. डोळा फिरवला की आतून दुखे आणि लाल रंग विटकरी दिसे. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. दोनेक आठवड्यांत डोळा निवळला आणि नव्या चष्म्याचं कौतुक झालं. मग तळपायापासून कमरेपर्यंत बधिरपणा चढला. बी-ट्वेल्व्ह कमी असेल म्हणून इंजेक्शनं झाली, बधिरपणा उतरला, इंजेक्शनांचं कौतुक झालं. पुढे मान खाली घातली की पाठीतून विजेसारखा झटका जाऊ लागला. मानेला पट्टा आला. दर वेळी लक्षण स्वतःच्या पायांनी आलं आणि स्वतःच्या पायांनी गेलं. श्रेय मात्र त्या वेळी जो इलाज चालू असेल त्याला. डोळ्यांची फाइल एका पिशवीत, मानेची दुसऱ्या, रक्ताची तिसऱ्या. त्या तिन्ही पिशव्या एका टेबलावर उलट्या कराव्यात, असं कोणाला सुचलं नाही, कारण प्रत्येक टेबलापाशी आपण आधीच बसलेले होतात. ‘ताण घेऊ नकोस’, ‘थोडे दिवस बघू या’, ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक’. ही सगळी वाक्यं बोलणारी माणसं मनाने चांगली होती, आणि नेमकी तीच आपली खासियत. वाईट माणसांच्या तोंडून आपण कधी बोलत नाही.

एका डॉक्टरांनी तर हा गोऱ्या लोकांचा आजार असल्याचं सांगून मला धीर दिला. मुंबईतल्या पारशांमधलं एमएसचं प्रमाण इथल्याच न्यूरोलॉजिस्टांनी मोजून १९८८ साली छापलं होतं. पण मी पारशी नव्हते, त्यामुळे आपली सोय झाली.

न्यायाने बोलायचं तर एका काळापर्यंत आपण निर्दोष होता. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस डेस्टे याची नजर १८२२ साली अशीच अचानक अंधुक झाली आणि परतली. पुढची वर्षं त्याने आपल्या शरीराची पडझड डायरीत टिपली. दिवसातून दोनदा बीफस्टेक आणि वर मद्य, असेही उपचार त्याला मिळाले (आमच्या पट्ट्यापेक्षा चविष्ट, एवढं मान्य करते). तो वारला १८४८ मध्ये. शार्को या न्यूरोलॉजिस्टांनी पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन नीट बांधून सांगितलं १८६८ मध्ये. त्या माणसाला निदान चार दिवसांत मिळालं असतं काय आणि चाळीस वर्षांत मिळालं असतं काय, औषधच नव्हतं. तेव्हा आपण नुसते पाहुणे होता.

आपला गुन्हा १९९३ पासून सुरू होतो. त्या वर्षी इंटरफेरॉन बीटा या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या मूळ चाचणीत ३७२ रुग्ण होते. काहींना खरं औषध मिळालं, काहींना खोटी सुई. काही वर्षांत चाचणी संपली आणि खोट्या सुईवाल्यांनाही खरं औषध खुलं झालं. फरक काय तो सुरुवातीच्या जास्तीत जास्त पाच वर्षांचा. २१ वर्षांनी त्या सगळ्यांचा शोध घेतला, तेव्हा ज्यांना पहिल्यापासून औषध मिळालं होतं, त्यांच्यात मृत्यूचा दर सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होता. आपण काठी आणि खुर्चीचेच पुरवठादार, असा माझा समज होता. आपला धंदा एवढा पसरला आहे, हे तो आकडा वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हो, आपला सभ्य अवतार! गबाळ्या उशिराला कोणीही ओळखतं. कोट घातलेला ओळखायला वेळ लागतो. ‘आधी सौम्य औषध देऊ, नाहीच जमलं तर जोरदार’ हे धोरण ऐकायला किती शहाणं वाटतं. स्वीडन आणि डेन्मार्क हे दोन शेजारी. दोन्हीकडे सरकारी आरोग्यसेवा, दोन्हीकडे रुग्णांच्या चोख नोंदी. स्वीडनच्या डॉक्टरांनी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पहिलंच औषध जोरदार दिलं. डेन्मार्कमध्ये हे प्रमाण शंभरात आठही नव्हतं. २०२१ मध्ये दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवल्या, तर स्वीडनमध्ये अधूपण वाढण्याचा वेग २९ टक्क्यांनी कमी निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी ‘लॅन्सेट न्यूरोलॉजी’त आणखी एक हिशेब आला होता. जोरदार औषध आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षांत मिळालेले रुग्ण एका बाजूला, तेच चार ते सहा वर्षांनी मिळालेले दुसऱ्या बाजूला. दहाव्या वर्षी पहिले कुर्ट्झके यांच्या शिडीवर सरासरी २.३ वर होते, दुसरे ३.५ वर. औषध शेवटी दोघांनाही मिळालं होतं. मधली जवळजवळ सव्वा पायरी आपली दलाली.

जोरदार औषधांना स्वतःचे धोके आहेत, हे मी विसरलेले नाही. संरक्षणयंत्रणेला दाबलं की जंतुसंसर्गाला वाट मिळते. आपल्या देशात ते औषध सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करावीच लागते. तेवढे दिवस लागले तर तो आपला विजय मानू नका. तो शहाणपणाचा उशीर, आपला सावत्र भाऊ. तो काम झालं की उठून जातो.

आपला सगळ्यात जवळचा मित्र मात्र माझ्याच तोंडात राहतो. त्याचं नाव ‘बरं वाटतंय’. झटका ओसरला, पाय चालू लागले, की आम्ही म्हणतो बरं वाटतंय, आणि सुई फ्रिजमध्ये मागे-मागे सरकत जाते. सासरी कोणी विचारायला नको म्हणूनही सरकते. आता वैद्यकशास्त्र सांगतंय की दोन झटक्यांच्या मधल्या काळातही नुकसान चालूच असतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ज्यांना वर्षानुवर्षं झटका आला नाही, त्यांच्यातलेही कित्येक जण पायरी-पायरीने वर सरकत होते. गाजावाजा नाही, सलाईन नाही, रजा नाही. निरोगी माणसाचा मेंदूही वयाबरोबर थोडा आकसतो, पण एमएसच्या माणसाचा त्याहून बराच वेगाने. पहिल्या वर्षांत मेंदू नव्या वाटा काढून हे झाकतो. झाकायला काही उरलं नाही की एके दिवशी जिना चढताना कळतं. तेव्हा घरचे म्हणतात, ‘अचानक कसं झालं?’

आपले मदतनीसही कष्टाळू आहेत. सिगारेट घ्या. निदानानंतरही ओढत राहिलेल्या स्वीडिश रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये आला: प्रत्येक वाढीव वर्षाला, झटक्यांचा आजार कायम वाढत्या आजारात बदलण्याचा काळ ४.७ टक्क्यांनी जवळ येतो. ‘पुढच्या महिन्यापासून सोडतो’ हे वाक्य आपणच शिकवलंत ना? रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयरोग यांच्याकडे तर आमच्याकडे साठी उलटल्याशिवाय कोणी बघत नाही. अमेरिकेतल्या रुग्णनोंदीत मात्र असलं काही दुखणं नसलेल्यांना निदानापासून चालायला आधार लागेपर्यंत १८.८ वर्षं (मध्यक) लागली. ज्यांना होतं, त्यांना १२.८. सहा वर्षं, उशीरराव! घरचं बीपीचं मशिन किती स्वस्त असतं, आणि ते कपाटावर किती उंच ठेवलेलं असतं!

व्यायामाचंही तेच. १८९० च्या सुमारास जर्मनीत ऊथॉफ नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर अंधुक होते. त्यामागे अंगाची वाढलेली उष्णता आहे आणि अंग थंडावलं की नजर परत येते, हे पुढे स्पष्ट झालं. नागपूरच्या मे महिन्यात ते कोणत्याही रुग्णाला पुस्तकाशिवाय कळतं. तरी शतकभर रुग्णांना सल्ला मिळत राहिला: पडून राहा, दमू नका. १९९६ मध्ये युटा विद्यापीठात रुग्णांना १५ आठवडे रीतसर व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद आणि दम दोन्ही वाढले. आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट अजूनही खुर्ची आल्यावर येतो.

सुई लपवण्याचा विषय मघाशी निघालाच आहे, तर लंडनच्या त्या तरुण निसर्गशास्त्रज्ञाची आठवण करून देते. ब्रूस कमिंग्ज, टोपणनाव बार्बेलियन. डॉक्टरांनी आजाराचं नाव त्याच्या घरच्यांना सांगितलं, लग्नाआधी होणाऱ्या बायकोलाही सांगितलं. त्याला मात्र नाही. १९१५ साली सैन्यभरतीच्या तपासणीसाठी दिलेला बंद लिफाफा त्याने परतीच्या गाडीत फोडला आणि स्वतःचा आजार वाचला. चार वर्षांनी तो गेला. आपल्याकडे हेच उलट्या दिशेने चालतं. मुलीला माहीत असतं, आईला माहीत असतं, आणि नवऱ्याकडच्यांपासून लिफाफा बंद ठेवतात. मग औषध माहेरच्या पत्त्यावर येतं, एमआरआय दिवाळीला माहेरी गेल्यावर होतो आणि गरोदरपणी कोणाला काय विचारायचं, हेच ठरत नाही. गरोदर बायकांचा मोठा युरोपीय अभ्यास १९९८ मध्येच छापला गेला. शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणजे बाळाच्या आईने औषध केव्हा थांबवायचं आणि केव्हा सुरू करायचं, हे आधी बसून ठरवायचं असतं. आपण त्याऐवजी बारशाची तारीख ठरवता.

आपलं नाव मोठ्या अक्षरांत, पगारासकट, कुठे लिहिलेलं असेल तर ते विम्यात. तिथे आपल्याला हुद्दा आहे: वेटिंग पीरियड. आधीपासूनच्या आजाराला तो जास्तीत जास्त ४८ महिने होता. २०२४ मध्ये नियामकाने ३६ वर आणला. गंभीर आजारांच्या पॉलिसीत तर आपण कलमातच बसला आहात. एमएसचा दावा मंजूर व्हायला हालचालीतला किंवा संवेदनेतला बिघाड सलग किमान सहा महिने टिकलेला असावा लागतो. थोडक्यात, लवकर उपचार घेऊन बरे झालात तर पैसे नाहीत. सरकारदरबारीही गंमत आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ ने एमएसला नावानिशी दिव्यांगत्वांच्या यादीत घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. त्यासाठी कित्येकांनी वर्षं घातली. पण आरक्षणासारखे मोठे लाभ मिळायला प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. तपासणीच्या दिवशी पाय नेमके चालत असले, तर रुग्णाने काय करावं? आणखी थोडं थांबावं, असंच ना?

औषधांच्या किमतींवर बोलत नाही, नाहीतर पत्र संपायचं नाही. फक्त एवढंच की जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधं पहिल्यांदा घातली ती २०२३ मध्ये, म्हणजे पहिल्या औषधानंतर तीस वर्षांनी. यादीत आलेल्या तीन औषधांतलं एक रिटुक्सिमॅब. मूळ कर्करोगाचं औषध, आणि त्याच्या भारतीय आवृत्त्या मूळ औषधापेक्षा बऱ्याच स्वस्त. म्हणजे आपल्या देशात आपल्याला घालवायचं सामान दुकानात आहे. दुकानाचा पत्ता सांगणारं माणूस वेळेवर भेटत नाही, एवढीच अडचण.

आता आपल्या बाजूने साक्ष देते, नाहीतर म्हणाल बाईने एकतर्फी लिहिलं. सगळंच आपण केलेलं नाही. उशिरा वयात आजार सुरू झाला, रुग्ण पुरुष असला, सुरुवातच पायांपासून किंवा तोलापासून झाली, मज्जारज्जूत डाग असले, पहिल्या दोन-तीन वर्षांत झटके दाटीने आले, की पुढची वाट अवघड असते. पहिल्या दिवसापासून झटक्यांशिवाय चढत जाणारा प्रकारही आहे; तिथे आपण लवकर उठलात तरी औषधांचा हात तोकडा पडतो. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक जनुकीय फरक सापडला. तो आई आणि वडील दोघांकडून आला, तर चालायला आधाराची गरज साधारण ३.७ वर्षं आधी लागते. आणि त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी निघाली की मी ती दोनदा वाचली: अधिक शिक्षण अधूपणाला रोखतं, धूम्रपान ते वाढवतं. म्हणजे मुलीचं शिक्षण बारावीला थांबवून तिचं लग्न उरकणारी माणसं नकळत तिच्या मज्जातंतूंचाही निर्णय करत असतात. शिक्षण थांबवताना मात्र आपल्याला कोणी बोलवत नाही, तिथे सगळी घाई असते.

पहिल्या झटक्यानंतर दुसऱ्याची वाट बघण्याचा नियमही आता आपल्या मदतीला नाही. पूर्वी डॉक्टरांना वाट बघावीच लागे. २००१ मध्ये मॅकडॉनल्ड यांच्या नावाने निदानाचे निकष आले. दुसऱ्या झटक्याऐवजी एमआरआयवरचा नवा डाग चालेल, असं त्यांनी ठरवलं. २०१७ च्या सुधारणेने त्या जागी पाठीच्या पाण्याची साक्षही चालवून घेतली. दर सुधारणेत आपली हद्द आकसत गेली. आता पहिल्या झटक्यातही पुष्कळदा पक्कं निदान होऊ शकतं. अट एकच, कोणीतरी एमआरआय सांगायला हवा.

तेव्हा मुद्द्याचं. आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलीला गेल्या आठवड्यापासून उजव्या डोळ्याने धुरकट दिसतंय आणि डोळा फिरवला की दुखतो. आईचं म्हणणं, मोबाइलने झालं असेल, सेमिस्टर संपू दे, मग बघू. आपण त्यांच्या सोफ्यावर बसलेले मला दारातूनच दिसलात. तिला एमएस असेलच असं नाही. डोळ्याच्या नसेला सूज येण्याची कारणं अनेक आहेत, आणि देव करो, तिचं कारण त्यातलं साधं निघो. पण ते तपासायचं असतं, आणि आता तपासायचं असतं. मी काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर गेले, लिफ्ट बंद होती. न्यूरोलॉजिस्टांची वेळ घेतली आहे, गुरुवारी सकाळी साडेदहाची. पेपर शुक्रवारी आहे, तो ती देऊ शकेल असं डॉक्टर म्हणाले तर देईल, नाहीतर पुढच्या खेपेला बसेल. आईसाहेब थोड्या रागावल्या आहेत.

रिक्षात तिघींना जागा आहे. चौथ्याला नाही.

कळावे. लोभ आवरावा.

पायरी ६ वरची एक बाई